माग

कुरापाटी शेठ म्हणतात, प्रत्येक लिंकला शेपूट लाव, श्रावंती.
मी लावते.
आधी प्रश्नचिन्ह,
मग गिऱ्हाईक आलं कुठून, मग कशातून, मग मोहिमेचं नाव,
आणि मधे मधे खालच्या आडव्या रेघा,
कारण मोकळी जागा यंत्राला सोसत नाही.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, पत्र्याचा गाळा.
बाहेर बेचाळीस, आत विचारू नका.
लॅपटॉप टॉवेलच्या गठ्ठ्यावर,
भिंतीपलीकडे सोळा यंत्रमाग,
फोनवर बोलायचं तर संडासात जावं लागतं.

पहिल्या महिन्यात एक चूक केली.
एका लिंकमध्ये सोलापूर मोठ्या एसने,
दुसऱ्यात लहान.
यंत्राने दोन गावं केली.
एका सोलापुरात एकशे बारा माणसं आली, अकरांनी घेतलं.
दुसऱ्यात त्रेपन्न आली, नुसती हात लावून गेली.
शेठ म्हणाले, हे दुसरं गाव बंद कर, पैसे खातंय.
त्या रात्री मी जेवलेच नाही,
दोन्ही गावं एक करत बसले.

नायनाला सांगितलं तर हसला.
मग आम्ही काय करायचो?
तो किनारीत जांभळा धागा घ्यायचा, एकच.
शेजारचा येमूल पिवळा.
ठाण घडीखात्यात गेलं की मुकादम किनार चाळायचा,
डाग दिसला की धागा बघायचा,
आणि शनिवारी
जांभळ्याच्या पगारातून नऊ रुपये कमी.
"चांगल्या ठाणाचा धागा कुणी बघितला नाही कधी,"
एवढं बोलून त्याने पंखा वाढवला.

आमच्या घरात माग म्हणजे लोखंड, धोटा, तेलाचा वास.
शाळेत बाईंनी विचारलं होतं,
'माग काढणे', वाक्यात उपयोग करा.
मी लिहिलं: कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने बारा माग काढले.
बाईंनी लाल रेघ मारली.
बरोबर अर्थाचे आता मला
महिन्याला चौदा हजार मिळतात.

आकड्यांच्या तक्त्यात अगदी तळाला एक ओळ असते
जिला शेपूट नाही.
थेट, एवढंच लिहिलेलं.
आठवड्याला वीस-बावीस जण,
आणि जवळजवळ सगळेच घेतात.
उमरगा, विजयपूर, एकदा भुसावळ.
शेठ विचारतात, हे कुठल्या जाहिरातीचं? तिचं बजेट वाढवू.
मी उमरग्याच्या बाईला फोन लावला, संडासातून.
ती म्हणाली, अहो, पोरीच्या बाळंतपणाला आणलेला टॉवेल,
पोरगं आता शाळेत जातंय,
कोपऱ्यावरच्या चिठ्ठीवर पत्ता होता तुमचा,
धुवून धुवून दोन अक्षरं गेलेली,
अंदाजाने टाकली.

चिठ्ठ्या अम्मा शिवते.
घरी, शेकड्याला अठरा रुपये,
कडेला दोन टाके जास्तीचे,
जे कुणी सांगितलेले नाहीत
आणि ज्यांचे कुणी देत नाही.

शेठ म्हणाले, चिठ्ठीवर पण कोड छाप, कळू दे काय ते.
नाव काय देऊ?
लेबल_अम्मा_०१ लिहिलं.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, नुसतं लेबल.
एकदा ओळीला नाव पडलं
की आकडा उतरायचा दिवसही येतोच,
मग कुणीतरी किनार चाळायला बसतं.

संध्याकाळी अहवाल पाठवला.
थेट: एकवीस.
स्रोत: समजत नाही.
नोकरीतली माझी पहिली थाप.

घरी आले तर अम्मा सुई ट्यूबलाइटकडे धरून
दोरा ओवत होती. तीनदा चुकली.
चौथ्यांदा मी ओवून दिला.
"एवढा लांब कशाला घेतलास," म्हणाली,
"गुंता होतो."